तीन लिफाफे, एक भट्टी

लातूरच्या एमआयडीसीत अगदी शेवटच्या गल्लीत, जिथं डाळमिलचा भुसा वाऱ्याबरोबर येऊन बसतो आणि रिक्षावाला "इथून पुढं चालत जावा" म्हणून उतरवून देतो, तिथं नजीर मणियारांची भट्टी आहे. पत्र्यावर काचेचा थर भाजून पाट्या करायची भट्टी. घरांचे नंबर, गल्ल्यांची नावं, "वाहने उभी करू नयेत", "येथे थुंकू नये". उन्हापावसात वर्षानुवर्षं रंग न सोडणाऱ्या एनॅमलच्या पाट्या. नजीरभाईंचं म्हणणं असं, की मराठवाड्यात जी माणसं थुंकायची थांबली ती त्यांच्या पाट्यांमुळं थांबली. अशी माणसं किती, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "एक तर मीच हाय. दुसरा शोधून राहिलो."

वय त्रेपन्न, उंची बेताची, मिशी रंगवलेली. मिशीला लावलेला तो काळा रंग पाटीवर लावला असता तर गिऱ्हाइकानं पाटी परत पाठवली असती, हेही त्यांचंच मत.

सोळाव्या वर्षापासून हातात ब्रश. गंजगोलाईतल्या दुकानांचे बोर्ड, गावोगावच्या शाळांच्या पाट्या, क्लासवाल्यांच्या भिंती. परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच लातुरातली कितीतरी पोरं नजीरभाईंच्या हातून डॉक्टर झाली होती. मग फ्लेक्स आला. ज्या बोर्डाला नजीरभाई चार दिवस घेत, तो चहा पिऊन होईपर्यंत मशिनीतून बाहेर पडू लागला, वर दुकानदाराचा फोटोही येऊ लागला. फोटो नजीरभाईंनाही काढता येत होते, पण त्यांनी काढलेला दुकानदार कधी त्या दुकानदारासारखा दिसत नसे. तेव्हा त्यांनी सोलापूरहून ही जुनी डिझेलची भट्टी आणली आणि सरकारी कामांत शिरले.

आणि तिथं त्यांची गाठ तीन कोटेशनांशी पडली.

सरकारी असो की कंपनीचं, कुठल्याही ऑफिसात लहानसहान खरेदीला तीन दुकानांचे भाव लागतात. बंद लिफाफ्यात, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. ज्याचा भाव कमी, त्याला काम. नियम चांगला आहे. अडचण एवढीच, की लातुरात एनॅमलची भट्टी एकच. मग बाकीचे दोन भाव आणायचे कुठून? तर ऑफिसातले साहेबच आवाज बारीक करून सांगत, "मणियार, जोडीची दोन तुम्हीच घेऊन या." ही पद्धत इतकी मुरलेली होती, की तीत काही वावगं आहे असं ना साहेबांना वाटे, ना नजीरभाईंना. नवरीबरोबर दोन करवल्या असाव्यात, तशी ती दोन कोटेशनं.

करवल्या ठरलेल्या होत्या. पहिली 'आर. एन. एंटरप्रायजेस, प्रोप्रायटर रईसा मणियार'. रईसाभाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. कोऱ्या लेटरहेडवर सही करून त्या परत कपडे वाळत घालायला जात. दुसरी 'भुजंग इंडस्ट्रियल वर्क्स'. भुजंग हा नजीरभाईंचा शाळेपासूनचा दोस्त, औसा रोडवर त्याचं चहाचं हॉटेल. या इंडस्ट्रीत एक गॅसची शेगडी होती आणि दोन बाकडी.

नजीरभाई हाडाचे कलावंत. नुसते आकडे बदलून भागवतील तर ते नजीर मणियार कसले! त्यांनी दोन्ही फर्मना स्वभाव दिले. आर. एन. एंटरप्रायजेस अदबशीर होती. ती "आपल्या सेवेची संधी मिळाल्यास आम्ही आभारी राहू" असं लिही आणि नजीरभाईंपेक्षा शेकडा आठ जास्त भाव लावी. भुजंग इंडस्ट्रियल वर्क्स मात्र मस्तवाल होती. "आमचे दर ठाम आहेत, घासाघीस चालणार नाही" असं बजावून शेकडा वीस जास्त मागे. कधी कधी भुजंगचा तो तोरा वाचून नजीरभाईंना मनापासून राग येई, आणि त्याला हरवल्याचा आनंदही तितकाच खरा होई.

भुजंगची याबाबत कायमची तक्रार होती. "नज्या, अठरा वर्षं झाली, दर बारीला मीच महाग! कधी तरी मला बी खालच्या नंबरात ठेव की. गिऱ्हाईक काय म्हनत आसंल?"

"तुझ्या चहाचा भाव बघ अगुदर. मी काय खोटं लिहून राहिलो?"

अशी अठरा वर्षं गेली. मग घरांचे नंबर स्टिकरवर आले, गल्ल्यांची नावंही फ्लेक्सवर गेली, आणि यंदा मार्चपासून भट्टी थंड पडली. भट्टीवर एकटी गुणाबाई उरली. पंधरा वर्षं ती पाट्या भट्टीत सारायची आणि बाहेर ओढायची. आता रोज सकाळी येऊन थंड भट्टीपुढं झाडलोट करून बसायची. ऑगस्टमध्ये भंगारवाला येऊन भट्टीला दोनदा हात लावून गेला. नजीरभाई गुणाबाईला म्हणाले, "दिवाळीपर्यंत वाट बघू. काम आलं न्हाई तर मग देऊन टाकू."

"मला का भट्टीला?" गुणाबाईनं विचारलं.

"तिघांना बी. मला बी उचलतोय का विचारतो त्याला."

आणि सप्टेंबरात नांदेडहून पत्र आलं.

नांदेडच्या बाजूनं निघून देगलूरच्या पुढं थेट तेलंगणात उतरणारी विजेची मोठी लाइन होणार होती. तीनशे बावन्न टॉवर. दोनशे अकरा अलीकडं, एकशे एक्केचाळीस सरहद्दीच्या पलीकडं. प्रत्येक टॉवरला हाडं-कवटीची एक धोक्याची पाटी, एक नंबराची पाटी आणि कुठली तार कोणती हे सांगणाऱ्या लाल, पिवळ्या, निळ्या अशा तीन. सगळ्या भट्टीतल्या, कारण टॉवरवर चढून दरवर्षी स्टिकर बदलायला कुणी तयार नसतं. पलीकडच्या टॉवरांवर तेलुगूही हवी.

नजीरभाईंनी पत्र गोलाईत तीन दुकानी वाचून दाखवलं. "आपलं काम आता सरहद्दीपार चाललं," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत ते दुबईला पाट्या पाठवणार असल्याची बातमी झाली. एकानं तर पासपोर्ट कुठं काढला म्हणून विचारलं. खुलासा करावा असं त्यांच्या एकदा मनात आलं, पण माणसं इतकी खूश झालेली, की त्यांच्या आनंदात पाणी ओतणं नजीरभाईंच्या स्वभावात बसेना. शिवाय पलीकडं देगलूर सोडून तास-दीड तासाच्या वाटेवर आपली पाटी लागणार, ती बघायला बिनओळखीची माणसं मान वर करणार, या कल्पनेनं त्यांची स्वतःचीही मान जरा वर झाली होती.

नांदेडच्या ऑफिसात चौकशीला गेले तेव्हा ती मान पुन्हा जागेवर आली. तिथल्या कारकुनानं त्यांच्यापुढं खरेदीची यादी धरली. टॉवरचं लोखंड टनावर, तार किलोमीटरवर, तारा अडकवायची चिनी मातीची चाकं गाडीवर, पाया घालायचं सिमेंट, पिकांची भरपाई, जंगलखात्याच्या परवानग्या. एकाच लाइनला दोन राज्यांची दोन दफ्तरं, आणि मोजणीचा नकाशा दोन्हीकडं वेगळा. एका पायाची जागा अलीकडच्या शेतात की पलीकडच्या, यावरच सहा महिने पत्रं चालली होती. कोट्यवधींच्या त्या यादीत नजीरभाई बोट खाली खाली नेत राहिले. एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीत सापडले. वर मथळा होता, 'किरकोळ'.

"वा," ते कारकुनाला म्हणाले, "सदतीस वर्षं काम करून सापडलो तर किरकोळीत! त्याच्याखाली काय हाय?"

"खिळे."

"मग बरं हाय. खिळ्यांच्या वर हाव."

लातुरात परतून त्यांनी भाव काढला, नेहमीसारखे तीन लिफाफे तयार केले. या वेळी काम मोठं, म्हणून मेहनतही मोठी. तीन वेगळ्या शाया, तीन वेगळे कागद. स्वतःच्या लिफाफ्यावर नांदेडचा पत्ता सरळ, ठसठशीत अक्षरात. रईसाच्या लिफाफ्यावर नाजूक, गोलाईदार. भुजंगच्या लिफाफ्यावर तिरकं, आणि अक्षरांना मागून राखाडी सावली. सावली देताना त्यांना एकदा वाटलं, जरा जास्तच होतंय. पण हात काही थांबला नाही. तिन्ही लिफाफे तीन दिवशी, तीन पोस्टांतून टाकले. एक लातूर, एक औसा, एक मुरुड. इतकी दक्षता घेतल्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठ थोपटली, आणि हात पुरेना म्हणून भुजंगकडूनही थोपटून घेतली.

पंधराव्या दिवशी फोन आला. नजीरभाईंना नाही, रईसाभाभींना.

त्या भाजी निवडत होत्या. फोन कानाला लावून "हो... हो, मीच... बरं, विचारते" म्हणाल्या आणि फोन ठेवून नवऱ्याकडं बघत राहिल्या.

"कोण होतं?"

"नांदेडच्या ऑफिसातनं. राजकन्या मॅडम म्हणून कुणी हायेत, खरेदीच्या. म्हणतात, तुमचं अभिनंदन. काम तुमच्या फर्मला द्यायचं म्हणतात."

"माझ्या."

"माझ्या."

नजीरभाई बसले ते निवडलेल्या भाजीवर. मग हळूहळू सगळं उलगडलं. कंपनीचा नियम असा, की एखादा लहान उद्योग बाईच्या नावावर नोंदलेला असेल आणि तिचा भाव सगळ्यात खालच्या भावापेक्षा शेकडा पंधराच्या आत असेल, तर त्या खालच्या भावात काम करायला आधी तिला विचारायचं. रईसाचा भाव शेकडा आठच वर होता. आणि नोंदणी? सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा साहेबानं आर. एन. एंटरप्रायजेसला नोंदणी नंबर नाही म्हणून कोटेशन परत पाठवलं होतं. नजीरभाई तडक ऑनलाइनच्या दुकानात गेले आणि बायकोच्या नावानं उद्योग नोंदवून आले. फॉर्मला लाइटबिल हवं होतं, तेव्हा भट्टीचंच दिलं. स्वतःची फर्म मात्र त्यांनी कधी नोंदवली नव्हती. कागद वाढले की माणसं यायला लागतात, असा त्यांचा अनुभव.

म्हणजे कागदोपत्री भट्टी रईसाची होती. नजीर मणियार तिथं इतकी वर्षं नुसते येऊन बसत होते.

"अजी, मग चांगलंच की," रईसाभाभी म्हणाल्या. "काम तर घरात आलं."

"पुढं काय म्हणाल्या त्या?"

"गुरुवारी कारखाना बघायला येतो म्हणाल्या. मालकिणीला भेटायचंय. आणि जाताजाता बाकीच्या दोन फर्मा बी बघू म्हणतात."

भट्टी एक आणि फर्मा तीन, हे आता मॅडमना डोळ्यांनी दिसणार होतं. तिन्ही भाव एकाच हातचे निघाले तर काम जाईल, नाव जाईल, आणि दिवाळीनंतर भट्टीही जाईल. नजीरभाई भुजंगकडं पळाले. भुजंग हे ऐकून घाबरेल असं त्यांना वाटलं होतं. भुजंग हरखला. "माझी इंडस्ट्री बघायला येऊन राहिल्या?" म्हणून त्यानं त्याच दिवशी बाकडी पुसून घेतली.

"भुजंग, मॅडमनी भट्टी कुठंय विचारलं तर काय सांगशील?"

त्यानं शेगडीकडं बघितलं. "ही काय हाय मग?"

घरी येऊन नजीरभाई रईसाला पढवू लागले. मी तुमचा नोकर म्हणून सांगा. नजीर मणियार हा दुसराच कुणी, ओळखीचा नाही म्हणा. रईसाभाभींनी सगळं ऐकून घेतलं.

"अठरा वर्षं तुम्ही म्हणाल तिथं सही केली. कागदावर काय होतं, कधी वाचलं न्हाई. ती माझी चूक. पण कुणी तोंडावर विचारलं तर मी खोटं सांगणार न्हाई. विचारलं न्हाई तर गप बसेन. एवढीच मदत होईल."

"बायकोनं एवढी मदत केल्यावर दुश्मनांची काय गरज!" नजीरभाई म्हणाले. पण रात्री आरशात मिशी रंगवताना त्यांनाच वाटलं, हिच्या जागी आपण असतो तर एवढंही बोललो नसतो.

गुरुवारी गाडी आली. राजकन्या मॅडम तिशीच्या आतबाहेर, पायात बूट, हातात फाइल. गुणाबाईनं भट्टीपुढं सडा टाकून रांगोळी काढली होती. मॅडमनी भट्टी आतून बाहेरून बघितली, गुणाबाईला दोन प्रश्न विचारले, आणि रईसाभाभींपुढं खुर्ची ओढून बसल्या. नजीरभाई नोकरासारखे दिसावं म्हणून झाडू धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच धरलेला असल्यानं तो उलटा धरला होता.

"भाभी, नजीर मणियार तुमचे कोण?"

"शौहर."

झाडू खाली पडला.

मॅडमनी फाइलीतून तिन्ही लिफाफे काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सरळ, गोल, आणि सावलीवाला.

"हे आमच्या टपालात आले तवा आख्खं ऑफिस बघायला जमलं," त्या म्हणाल्या. "आमच्या साहेबांचं अक्षर माझ्या बापाला बी वाचता येणार न्हाई, आणि इथं तीन दुकानदार लिफाफ्यावर पत्ता असा लिहितात, की फ्रेम करून लावावा. लिफाफ्यावरच्या पत्त्याला सावली कोण देतं, चाचा?"

नजीरभाईंनी वाकून सावलीवाला लिफाफा बघितला. म्हणाले, "चुकलं. पण... सावली नीट पडलीय ना?"

"एक नंबर पडलीय." त्या हसल्या नाहीत, पण डोळे जरा हलले. "मी मुरुडची. आमच्या शाळेची पाटी तुम्ही रंगवलीय, खाली कोपऱ्यात नाव हाय तुमचं. मी हे अक्षर पहिलीपासून वाचून राहिले. तुम्ही तीन शाया घ्या न्हाई तर तीस."

मग त्यांनी फाइल मिटली आणि ऑफिसची भाषा काढली. तिन्ही कोटेशनं रद्द. दहा दिवसांनी पुन्हा भाव मागवायचे, या वेळी जाहिरात देऊन, दुसऱ्या राज्यांतूनही. एका भट्टीतून एकच लिफाफा. तो उघडायचा सगळ्यांसमोर. पुन्हा असं काही आढळलं तर तिन्ही नावं काळ्या यादीत.

"आणि भुजंग इंडस्ट्रियल वर्क्स?" नजीरभाईंनी चाचरत विचारलं.

"येताना थांबलो होतो तिथं. चहा चांगला हाय."

भुजंगला हे कळलं तेव्हा त्यानं शेगडी बंद केली. "म्हंजी इंडस्ट्री बंद?"

"बंद."

"अठरा वर्षांची इंडस्ट्री, एक बी ऑर्डर न निघता बंद." त्यानं शिक्का काढून दिला नाही. आठवण म्हणून ठेवतो म्हणाला.

आता भाव एकच द्यायचा होता, नोंदणी असलेल्या रईसाच्या फर्मचा, आणि तो खरा. नजीरभाई कागद घेऊन बसले आणि त्यांच्या ध्यानात एक भयंकर गोष्ट आली. आपल्या पाटीला पडतं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं साहेबाचा चेहरा बघून एक आकडा काढायचा आणि बाकीचे दोन त्याच्यावर चढवायचे. अठरा वर्षांत त्यांनी एकाच माणसाला हरवलं होतं, तो माणूस नजीर मणियार. आणि तोही कधी जिंकायला आलेला नव्हता.

"मी ऐकत होतो मी या धंद्यातला जुना माणूस हाय," ते रईसाला म्हणाले. "कुणी सांगत होतं कुणास ठाऊक. बहुतेक मीच."

शेवटी तिघं भट्टीवरच बसले. रईसाभाभी पेन घेऊन, गुणाबाई पाय पसरून, नजीरभाई कानाला हात लावून. पत्रा किती, काचेची भुकटी किती, डिझेल किती, गुणाबाईची मजुरी किती. "शंभरात वीस पाट्या वाया जातात, ते धरा," नजीरभाई म्हणाले.

"सहा," गुणाबाई म्हणाली.

"वीस, बाई. मी कायम वीसच धरत आलो."

"भट्टीत सहाच जातात. बाकीच्या चवदा तुमी बाहेर काढल्यावर हातात घेऊन उन्हात बघता, तवा पडतात."

रईसाभाभींनी सहा लिहिलं, आणि त्याच्यापुढं कंसात: नजीर यांना भट्टीजवळ येऊ देऊ नये. मग पलीकडच्या टॉवरांचा हिशेब निघाला. तेलुगू लिहून घ्यायला बाहेरचा माणूस, भाजताना एक हात जास्त, देगलूरपुढचं भाडं. सरहद्द ओलांडली की तीच पाटी बरीच महाग पडत होती. दोन्हीकडचं एकत्र करून टॉवरमागं एक भाव निघाला: एकोणीसशे पासष्ट. नजीरभाईंनी लिफाफ्यावर पत्ता घालायला ब्रश उचलला. रईसाभाभींनी तो काढून घेतला आणि बॉलपेननं स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहिला. अक्षर सामान्य होतं. नजीरभाईंना ते बघवेना.

लिफाफे उघडायच्या दिवशी दोघं लातूरहून एसटीनं नांदेडला गेले. चार लिफाफे आले होते. समोर बिदरच्या एका फर्मचे गुरुपादप्पा बसले होते, कपाळाला भस्म, गुडघ्यावर बॅग, शांत. नजीरभाई त्यांच्याकडं चोरून बघत राहिले. अठरा वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा खराखुरा स्पर्धक बघितला होता, आणि तो आपल्यासारखाच चहात बिस्किट बुडवून खात होता.

राजकन्या मॅडमनी एकेक भाव वाचला. दोन जण बावीसशेच्या वर. आर. एन. एंटरप्रायजेस, एकोणीसशे पासष्ट. बिदर, अठराशे चाळीस.

नजीरभाईंच्या कानांत शिट्टी वाजली. हरलो. दिवाळी, भंगारवाला, गुणाबाई, सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. मग मॅडमचा आवाज आला. "नियमाप्रमाणं, रईसाभाभी, तुमचा भाव पंधराच्या आत बसतो. अठराशे चाळीसमध्ये तुम्हाला जमतं का? आत्ता सांगायचं. सगळं किंवा काही भाग, दोन्ही चालतं."

"जम..." नजीरभाई उठलेच. सरहद्दीपार! गोलाईत सगळ्यांना सांगून झालं होतं. अठराशे चाळीसच काय, फुकट करू, पण पलीकडं पाटी लागलीच पाहिजे.

रईसाभाभींनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. हात नुसता मागं नेला आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

"ह्ये कोन री?" गुरुपादप्पांनी कानडी हेलात विचारलं.

"आमचे पेंटर," रईसाभाभी म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. बोटानं अलीकडच्या टॉवरांच्या हिशेबावर थांबल्या, मग पलीकडच्या. नजीरभाईंना वाटलं, ही हो म्हणाली तर पलीकडच्या प्रत्येक पाटीमागं घरातला पैसा जाईल आणि उन्हाळ्यापर्यंत भट्टी विकावीच लागेल. नाही म्हणाली तर दिवाळीलाच. हे गणित कागदावर होतं, त्यांनी स्वतः शेजारी बसून बघितलं होतं, आणि तरीही त्यांची जीभ हो म्हणायला वळवळत होती. आपल्या जिभेचा त्यांना कधी नव्हे इतका राग आला. ती त्यांनी दातांत धरली.

"अलीकडच्या दोनशे अकरा टॉवरांना जमतं," रईसाभाभी म्हणाल्या. "पलीकडच्यांना जमत न्हाई. ते यांनीच करावं."

गुरुपादप्पांनी मान डोलावली. "मला बी हेच बरं. पलीकडं आमचं येणंजाणं हाय, देगलूरच्या अलीकडं भाडं लागतंय लई." आणि नजीरभाईंकडं वळून म्हणाले, "पेंटरसाहेब, ती सावलीवाली अक्षरं तुमचीच का? कारकुनानं दाखवलं मला. आमच्याकडं येता का?"

"मालकिणीला विचारून सांगतो," नजीरभाई म्हणाले.

मॅडमनी सह्या घेतल्या. प्रोप्रायटरच्या रकान्यात रईसाभाभींनी सही करायच्या आधी सगळा कागद सावकाश वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि मगच पेन टेकवलं. एवढा वेळ कुणालाच घाई नव्हती.

बाहेर पडून दोघं एसटी स्टँडवर आले. नजीरभाई म्हणाले, "गोलाईत काय सांगू? लोक दुबई म्हणून बसलेत."

"देगलूरपर्यंत सांगा."

"देगलूरला कोण मान वर करून बघणार?"

"कुणी न्हाई तर तुम्ही बघा. भाडं मी देते."

ऑर्डरीत पहिली खेप तीन आठवड्यांत मागितली होती. भट्टी तापायलाच आख्खा दिवस जातो. नजीरभाईंनी स्टँडवरच्या गोंगाटात एका कानात बोट घालून गुणाबाईला फोन लावला.

"गुणाबाई, काम मिळालं. दोनशे अकरा टॉवर. भट्टी लाव."

फोनमधून झाडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मिळालं, ते कुनाला? तुमाला का भाभीला?"

"भाभीला."

"म्हंजी पगार भाभीच देनार?"

"हाव."

"शनवारच्या शनवारी?"

नजीरभाईंनी शेजारी पाहिलं. रईसाभाभी एसटीची पाटी वाचत होत्या. त्यांनी न बघताच मान हलवली.

"शनवारच्या शनवारी," नजीरभाई म्हणाले.

"मग लावते," गुणाबाई म्हणाली. "आन् मालक, तुमी जरा उशिरानंच या."